कच्चं मांस वेगळं, कच्चा आहार वेगळा

गोव्यात, फोंड्याच्या बाजारात आम्ही ज्या चिकनवाल्याकडे जातो, तो कोंबडी कापता कापता मान वर न करता विचारतो, “सुण्याक जाय?” म्हणजे कुत्र्याला हवं का? हो म्हटलं की खालच्या टबातून पाय, मुंड्या, माना आणि कातडं लोंबणाऱ्या पाठी मुठीमुठीने पिशवीत पडतात. दोन वर्षांपूर्वी ती पिशवी मी नेमाने घरी आणायचे आणि शेजारच्या बाल्कांवात बसलेल्या मंडळींना थोड्या ऐटीतच सांगायचे की आमची राणी आता ‘रॉ डाएट’वर आहे. राणी म्हणजे आमची लॅब्रडॉर. ती बारीक व्हावी म्हणून हा सगळा खटाटोप. आठ महिन्यांनी काट्यावर उभी केली तेव्हा २८ किलोची राणी ३१ किलोची झाली होती.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. एवढंच म्हणाल्या, “तुम्ही हिला कच्चं मांस घालताय. कच्चा आहार ही वेगळी गोष्ट आहे.”

भांड्यात दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून गल्लत होते. कच्चं मांस म्हणजे त्या दिवशी दुकानात जे स्वस्तात मिळालं ते. कच्चा आहार म्हणजे हिशेब. ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट यांनी १९९३च्या सुमाराला ही कल्पना लोकांपर्यंत नेली. त्यांच्या पद्धतीला ‘बार्फ’ म्हणतात आणि तिच्यात मांस-हाडांबरोबर भाज्या, अंडी, थोडी फळंही असतात. दुसरी पद्धत ८०-१०-१०ची: शंभर भागांतले ८० भाग मांस (हृदय यातच मोजतात), १० भाग चावून खाता येईल असं हाड, १० भाग अवयव, आणि त्या अवयवांतही कलेजी निम्मीच. कलेजी स्वस्त आणि कुत्र्यांना भलतीच प्रिय, पण रोज वाटीभर दिली तर अ जीवनसत्त्वाचा इतका साठा होतो की तोच विषासारखा बाधतो.

माझ्या पिशवीत यातलं कुठलंच प्रमाण नव्हतं. मानांत, पायांत, पाठींत हाड आणि कातडं भरपूर, मांस थोडं. राणीची शी पांढरी, खडूसारखी भुसभुशीत होऊ लागली तेव्हा मी समजले पोट छान साफ होतंय. ते जास्त हाड खाल्ल्याचं लक्षण होतं. बद्धकोष्ठाची पहिली पायरी.

उलटी चूकही आमच्याच वाड्यावर बघितली. एका भाऊंनी हाड घशात अडकेल या भीतीने पिल्लाला निव्वळ बोनलेस द्यायला सुरुवात केली. त्यांचं प्रेम मोठं, पण मांसात कॅल्शियम जवळजवळ नसतंच: १०० ग्रॅममागे १० मिलिग्रॅमच्या आसपास, तर फॉस्फरस २०० मिलिग्रॅमच्या घरात. कुत्र्याला दोन्ही साधारण सारखी, किंवा कॅल्शियम थोडं जास्त लागतं. बाहेरून मिळालं नाही की शरीर ते स्वतःच्या हाडांतून काढून घेतं. मोठ्या कुत्र्यात हे कळायला वेळ लागतो. वाढत्या पिल्लाचे पाय काही आठवड्यांत वाकायला लागतात, आणि साधी उडी मारताना हाड मोडल्याच्या केसेस पशुवैद्यांना नव्या नाहीत. हाड द्यायचं नसेल तर अंड्याच्या टरफलाची बारीक पूड चालते. ५ ग्रॅम पुडीत साधारण १९०० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पण किती घालायची हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं, आणि पिल्लाच्या बाबतीत तर अंदाजपंचे करूच नये.

आता वजनाकडे येते, कारण मूळ घोळ तिथेच आहे.

कच्चा आहार देणारे सगळे एक नियम सांगतात: कुत्र्याचं जे योग्य वजन असायला हवं, त्याच्या २ ते ३ टक्के रोज घाला. राणीचं योग्य वजन २५ किलो धरलं तर २ टक्क्यांनी ५०० ग्रॅम. सोपं वाटतं ना? पण कशाचे ५०० ग्रॅम? चरबी नसलेल्या म्हशीच्या मांसात १०० ग्रॅमला १०० कॅलरी असतात, म्हणजे पाचशेला पाचशे. कोंबडीच्या पाठीचं कातड्यासकट मांस ३००च्या वर जातं, म्हणजे पाचशे ग्रॅमला दीड हजाराहून जास्त. हाडाचं वजन वजा केलं तरी हजाराच्या आसपास. वजन तेच, भांडं तेच, आणि एका कुत्र्याला दुसऱ्याच्या दुप्पट अन्न.

राणीला लागतं किती, ते काढायची युक्ती डॉक्टरबाईंनी माझ्याच मोबाइलवर दाखवली. योग्य वजनाचा आकडा तीनदा घेऊन गुणायचा: २५ गुणिले २५ गुणिले २५, म्हणजे १५,६२५. मग वर्गमुळाचं बटण दोनदा दाबायचं. पहिल्यांदा १२५ येतात, दुसऱ्यांदा ११.१८. त्याला ७०ने गुणायचं. ७८३. नुसतं पडून राहण्यासाठी एवढ्या कॅलरी. नसबंदी झालेल्या धडधाकट कुत्र्याला रोजच्या जगण्यासाठी साधारण याच्या दीडपट-पावणेदोनपट लागतात, पण वजन उतरवायचं असेल तेव्हा डॉक्टर या मूळ आकड्याच्या आसपासच थांबवतात. माझी पिशवी, वर दुपारच्या जेवणातला भात, वर पोदेराच्या पावाचा तुकडा. पन्नास ग्रॅमच्या एका पावात सव्वाशेवर कॅलरी असतात, आणि राणीला तो घरातले तीन जण एकमेकांच्या नकळत देत होते.

मग कच्च्या आहारावर कुत्री बारीक होतात असं लोक का सांगतात? खोटं सांगत नाहीत. बाजारातल्या कोरड्या खाद्यात पाणी दहाएक टक्के असतं आणि १०० ग्रॅमला ३५० ते ४०० कॅलरी. ताज्या मांसात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी. भांडं भरलेलं दिसतं, कुत्र्याचं पोट भरतं, आणि कॅलरी कमी जातात. शिवाय जो माणूस कच्चा आहार मनावर घेतो तो वजनकाटा विकत आणतो, मोजून घालतो, वर काही देत नाही. वजन काट्यामुळे उतरतं, श्रेय कच्चेपणाला मिळतं. चरबी वितळवणारं असं कच्च्या मांसात काही नाही.

याचा चांगला दाखला २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासात आहे. ४८ लॅब्रडॉर, एकाच वेतातल्या भावंडांच्या जोड्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं, जन्मभर. अन्न दोघांना तेच. कमी खाणारी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांची संधिवाताची दुखणीही उशिरा सुरू झाली. तिथे काही कच्चं नव्हतं, फक्त मोजमाप होतं.

लॅब्रडॉरवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट, कारण ‘हिला खायला मिळत नाही का’ हे टोमणे मीही ऐकलेत. २०१६मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की जवळजवळ दर चौथ्या लॅब्रडॉरमध्ये एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि अशी कुत्री अन्नासाठी जास्त आसुसलेली असतात. तेव्हा राणीची नजर बघून भांडं भरायचं नाही.

भांडं कमी केलं की दुसरी भीती सुरू होते: बारीक झाली की आजारी पडली? यातही दोन गोष्टी एकमेकींसारख्या दिसतात. त्यासाठी हात पुरेसा आहे. आपल्या बंद मुठीच्या गाठींवरून बोट फिरवा. कुत्र्याच्या बरगड्या इतक्या टोकदार लागल्या तर ते अशक्त. उघड्या तळव्याच्या, अंगठ्याखालच्या गुबगुबीत भागासारख्या लागल्या, म्हणजे दाबल्याशिवाय सापडल्याच नाहीत, तर लठ्ठ. पसरलेल्या तळहाताच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवल्यावर जसं लागतं, हाडं आहेत पण वर पातळ साय आहे, ते बरोबर. वरून बघितलं तर बरगड्यांच्या मागे कमर दिसली पाहिजे, बाजूने बघितलं तर पोट मागे वर चढत गेलं पाहिजे. डॉक्टर हेच ९ पैकी गुणांत मांडतात. ४-५ चांगलं, आणि त्यापुढचा प्रत्येक गुण म्हणजे साधारण १० ते १५ टक्के जादा वजन. राणीला ७ मिळाले. एवढे गुण तिला आयुष्यात कुणी दिले नव्हते.

एवढं समजल्यावर खरा कच्चा आहार द्यायचा का, हा प्रश्न राहतोच. माझं मत सांगते: आमच्यासारख्या घरात नको. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०१२पासून कच्च्या मांसाविरुद्ध सल्ला दिला आहे, पण मला त्याहून आमच्या घरातली परिस्थिती पटते. साल्मोनेला हा जंतू कुत्र्याला फारसा त्रास न देता त्याच्या शीतून बाहेर पडत राहतो, आणि राणी माझ्या नातवाचं तोंड चाटते. घरात लहान मूल, म्हातारं माणूस किंवा गरोदर सून असेल तर हा जुगार कशाला? फ्रीझरने साल्मोनेला मरत नाही, नुसता थांबतो. पावसाळ्यात आमच्याकडे वीज तासन्‌तास जाते आणि फ्रीझरच्या तळाशी गुलाबी पाणी साचतं. वीज आली की तेच पुन्हा गोठतं, आणि वरून पाकीट छान टणक लागतं.

त्यातही बकऱ्या-गुरांचे कच्चे अवयव सगळ्यांत वाईट. त्यात पाण्याने भरलेले फोड असतील तर ते फीतकृमीचे असू शकतात. कुत्र्याच्या पोटात तो कृमी मोठा होतो, अंडी शीतून बाहेर येतात आणि माणसाच्या पोटात गेली की आपल्या यकृतात-फुप्फुसांत तसेच फोड धरतात. ऑपरेशनपर्यंत जाणारं प्रकरण आहे. अशा अवयवांना उकळीशिवाय हात लावू नये.

‘पण कुत्रा म्हणजे लांडगाच’ असं कुणीतरी म्हणतंच. २०१३मध्येच दिसून आलंय की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यांत लांडग्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं काढल्याचा तो परिणाम. गोव्यातली गावठी सुणी पिढ्यान्‌पिढ्या पेज आणि हुमणाचा, म्हणजे माशांच्या कालवणाचा, भात खाऊन वाढली, त्यांना हे सांगायला शास्त्रज्ञ लागले नसते. अर्थात आपलं हुमण किंवा शागुती कांद्यासकट घालावी असा याचा अर्थ नाही. कांदा-लसूण कुत्र्याचं रक्त बिघडवतात, आणि चोरीसावची (आमच्याकडच्या डुकराच्या सॉसेजची) चरबी नि मीठ स्वादुपिंडावर येऊ शकतं.

आम्ही शेवटी शिजवण्यावर आलो. घरात बीफ येत नाही, म्हणून कातडं काढलेलं चिकन: कच्चं मोजून ४०० ग्रॅम, मग पाण्यात उकडून, हाड एकही नाही. शिजवलेलं हाड तर मुळीच नाही, ते कच्च्यापेक्षा धोक्याचं. त्याच्या सुया होतात. सोबत शिजवलेला भात १५० ग्रॅम, एक अंडं, दुधी किंवा भोपळा, टरफलाची पूड आणि डॉक्टरांनी दिलेली जस्त-जीवनसत्त्वांची पूड, कारण घरच्या अन्नात हेच कमी पडतं. मासे दिले तर तेही शिजवून. काही कच्च्या माशांत बी-१ जीवनसत्त्व तोडणारं द्रव्य असतं, ते शिजवल्यावर निकामी होतं. शिनाणे, म्हणजे एक प्रकारचे शिंपले, मिळाले की दोन-चार उकडून. त्यांत मँगनीज भरपूर आणि राणीला ते पावापेक्षाही आवडतात. हा हिशेब राणीचा आहे, तुमच्या कुत्र्याचा तुमच्या डॉक्टरांशी बोलून काढा.

आठवड्याला शरीराच्या वजनाच्या एक टक्का, म्हणजे सुरुवातीला तीनशे ग्रॅम उतरलं तर बस, असं सांगितलं होतं. पाच महिने लागले. सगळ्यांत कठीण गेला श्रावण. चतुर्थीपर्यंत घरात मासे नाहीत, चिकन नाही. सासूबाईंचं म्हणणं राणीनेही महिनाभर डाळभात खावा, तिलाही पुण्य. शेवटी मागच्या पडवीत वेगळा स्टोव्ह आणि वेगळं पातेलं मांडलं, आणि चिकन आणायचं काम आमच्या भाच्याकडे गेलं. सासूबाई पडवीकडे फिरकत नाहीत, पण रोज सकाळी काट्यावरचा आकडा मात्र त्याच विचारतात.