कार्ल बार्टचं 'नाही' आलं कुठून

आधी नावाचं सांगतो. इंग्रजी स्पेलिंग बघून आपल्याकडे सर्रास बार्थ म्हणतात, पण माणूस स्विस, भाषा जर्मन, त्यामुळे उच्चार बार्ट. विसाव्या शतकातला सगळ्यात मोठा प्रोटेस्टंट थिऑलॉजियन, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राचा अभ्यासक, कोण असं विचारलं तर त्याच्याशी आयुष्यभर भांडलेले लोकही बहुतेक हेच नाव घेतील. आणि बाकीच्यांना त्याची एकच गोष्ट माहीत असते, की हा हिटलरला नाही म्हणाला. ते खरंय, पण ते 'नाही' काही १९३४ मध्ये एका दिवसात उगवलं नाही, त्याची मुळं वीस वर्षं मागे, स्वित्झर्लंडमधल्या एका कारखान्यांच्या गावात सापडतात.

बार्ट १८८६ चा, जन्म बासेलचा, वडील थिऑलॉजीचेच प्रोफेसर. शिकला बर्लिनला हारनाककडे, मारबुर्गला हेरमानकडे, म्हणजे त्या काळातल्या एकदम टॉपच्या गुरूंकडे. या मंडळींचं म्हणणं साधारण असं, की धर्म म्हणजे माणसाच्या आतला अनुभव, येशू म्हणजे नीतीचा परमोच्च आदर्श, आणि संस्कृती जशी पुढे जाईल तसं देवाचं राज्य जवळ येत जाईल. ऐकायला गोड आहे आणि बार्टनेही ते मनापासून घेतलं होतं. मग १९११ मध्ये तो आरगाऊ भागातल्या साफेनविल गावी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू म्हणून गेला. गावात कापडाचे, विणकामाचे कारखाने, रविवारी चर्चच्या बाकांवर मालकही बसणार आणि त्याच मालकाकडे तुटपुंज्या मजुरीवर राबणारी माणसंही बसणार, आणि वर उभं राहून याने बोलायचं. बार्ट कामगारांचे कायदे वाचायला लागला, संध्याकाळी कामगारांसमोर भाषणं द्यायला लागला, युनियन बांधायला मदत करायला लागला. कारखानदारांच्या घरातल्या एकाने पेपरात उघड पत्र लिहून त्याला झापलं, यानेही पेपरातच उत्तर दिलं. 'लाल पाळक' हे नाव तेव्हा पडलं आणि १९१५ ला तो रीतसर सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचा मेंबरच झाला.

दरम्यान १९१४ चं युद्ध सुरू झालं. जर्मनीतल्या ९३ नामवंतांनी कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या युद्धाला पाठिंबा देणारं पत्रक काढलं आणि खालच्या सह्यांत बार्टला आपल्याच गुरूंची नावं दिसली, हारनाक आहे, हेरमान आहे. (पुढे बार्ट ही आठवण ऑगस्टची म्हणून सांगायचा, पत्रक खरं तर ऑक्टोबरचं. म्हातारपणी महिना चुकला, पण बसलेला धक्का काही विसरला नाही.) त्याचा हिशोब सरळ होता. यांची नीती युद्धाच्या पहिल्याच फटक्यात अशी ढासळत असेल तर त्या नीतीखालची थिऑलॉजीच पोकळ असणार. मला वाटतं पुढचा सगळा बार्ट या एका वाक्यात आहे.

आणि रविवार तर दर आठवड्याला येतच होता. लोक समोर बसलेत, बोलायचं तर देवाबद्दल, पण आपण नक्की कशाच्या जोरावर बोलतोय? शेजारच्या गावचा पाळक तुर्नायसेन हा जिगरी दोस्त, दोघांची सतत पत्रं आणि चर्चा. १९१६ च्या उन्हाळ्यात बार्ट सफरचंदाच्या झाडाखाली बसून बायबलमधलं पौलाचं रोमकरांस पत्र नव्याने वाचायला लागला आणि वहीत टिपणं काढत गेला. त्याचंच पुस्तक झालं, १९१९ ची पहिली आवृत्ती, छापल्या हजारच प्रती. त्याचं त्यालाच समाधान नाही म्हणून सगळं मोडून परत लिहिलं, ती १९२२ ची दुसरी आवृत्ती, आणि गाजली ती ही. मुद्दा एकच पण पानापानावर ठोकलेला, की देव तो देव आणि माणूस तो माणूस. आपला धर्म, आपली संस्कृती, आपलं राष्ट्र यांतलं काहीही लांबवून देवापर्यंत पोचत नाही. येशूचं पुनरुत्थान, म्हणजे मरणातून उठणं, जगाला शिवतं ते वर्तुळाला स्पर्शरेषा शिवते तसं. एका कॅथलिक थिऑलॉजियनने म्हटलं की हे पुस्तक थिऑलॉजियन लोकांच्या खेळाच्या मैदानावर बॉम्बसारखं पडलं. बार्टने स्वतः सांगितलेलं मला जास्त आवडतं, की अंधारात चर्चच्या मनोऱ्याचा जिना चढताना आधाराला कठडा धरायला गेलो आणि हातात आला घंटेचा दोर, मग घणघणाट एकट्यापुरता थोडाच राहतो.

पीएचडी नसलेला हा खेड्यातला पाळक मग १९२१ ला ग्योटिंगेनला प्रोफेसर झाला, पुढे म्युन्स्टर, मग १९३० ला बॉन. आणि १९३३ ला हिटलर आला.

चर्चमध्ये 'जर्मन ख्रिस्ती' नावाचा एक मोठा गट होता, त्यांना देवाचं प्रकटीकरण, म्हणजे देवाने स्वतःला उघड करणं, राष्ट्रात, रक्तात आणि थेट हिटलरच्या उदयातही दिसायला लागलं होतं. ज्यू वंशाच्या पाळकांना काढा, ही मागणी आली. नोव्हेंबर १९३३ ला बर्लिनच्या स्पोर्टपालास्टमध्ये भरगच्च सभेत एकाने जुना करारच, म्हणजे बायबलचा ज्यूंकडून आलेला भागच फेकून द्या म्हणून भाषण ठोकलं आणि टाळ्या पडल्या. बार्टला यात नवीन काही दिसत नव्हतं, १९१४ चीच गोष्ट परत. देवाच्या वचनाच्या शेजारी दुसरं काहीतरी बसवायचं, तेव्हा कैसर आणि संस्कृती, आता वंश आणि फ्युरर.

विरोध करणाऱ्यांनी मे १९३४ च्या अखेरीस वुपरटालमधल्या बार्मेन इथे सभा भरवली. मसुदा त्याआधी फ्रांकफुर्टच्या एका हॉटेलात झाला, तिघांची कमिटी होती, रिफॉर्म्ड पंथाचा बार्ट आणि दोन लुथरन (दोन्ही प्रोटेस्टंटांचेच पंथ). दुपारच्या जेवणानंतर लुथरनांनी ताणून दिली, तेवढ्यात बार्टने कडक कॉफी आणि एकदोन ब्राझिलियन सिगार यांच्या जिवावर सहा कलमं लिहून काढली. लुथरन चर्च झोपलं होतं आणि रिफॉर्म्ड चर्च जागं होतं, असं तो नंतर हसत सांगायचा. पहिल्या कलमाचा अर्थ असा, की जगताना आणि मरताना ऐकायचं, विश्वास ठेवायचा आणि मानायचं ते देवाचं एकच वचन, म्हणजे येशू ख्रिस्त, त्याच्या जोडीला दुसरी कुठलीही घटना, सत्ता किंवा व्यक्ती प्रकटीकरण म्हणून चालणार नाही. हिटलरचं नाव कुठेच नाही, पण कुणाला कळायचं राहिलं नाही. हिटलरशी एकनिष्ठ राहण्याची सरकारी शपथ आली तेव्हा ख्रिस्ती म्हणून जेवढं करता येईल तेवढंच, ही अट घातल्याशिवाय घेणार नाही म्हणाला, नोकरी गेली आणि १९३५ ला बासेलला परत.

एक गोष्ट मात्र दडवू नये. बार्मेनच्या जाहीरनाम्यात ज्यूंबद्दल एक शब्द नाही. लढाई चर्चच्या स्वातंत्र्याची होती, शेजाऱ्याच्या जिवाची नाही. १९६७ मध्ये बार्टने एका पत्रात ही आपली चूक होती असं कबूल केलं, पण तोपर्यंत तेहतीस वर्षं उलटली होती.

बासेलला त्याने मुख्यतः 'चर्च डॉग्मॅटिक्स' लिहिलं, १९३२ ला सुरू केलेलं, तेरा जाडजूड भाग, नऊ हजारांवर पानं आणि तरी अपुरंच राहिलं. या पानांमागे शार्लोटे फॉन किर्शबाउम ही बाई होती, टिपणं, संदर्भ, टायपिंग, चर्चा, सगळं. १९२९ पासून ती त्याच्याच घरात राहिली, नेली नावाची बायको आणि पाच मुलंही तिथेच. बार्ट आणि शार्लोटेची पत्रं छापून आल्यापासून हे प्रेम होतं यात शंका उरलेली नाही आणि तिघांनीही सोसलं, पण सगळ्यात जास्त त्या दोघींनी, असं माझं मत. पुस्तकावर नाव मात्र एकट्याचं.

पुढे तो मवाळही झाला. १९५६ च्या भाषणाचा विषयच 'देवाची माणुसकी', म्हणजे सुरुवातीला आम्ही अंतरावर जरा जास्तच जोर दिला, असं त्याचं स्वतःचंच म्हणणं. दक्षिण आफ्रिकेत १९८२ मध्ये वर्णभेदाविरुद्ध जी बेल्हारची कबुली, म्हणजे चर्चचा श्रद्धेचा जाहीरनामा, लिहिली गेली ती बार्मेनच्याच वळणावर, आणि अमेरिकेत ब्लॅक थिऑलॉजी, म्हणजे काळ्यांच्या मुक्तीच्या बाजूने विचार करणारी थिऑलॉजी, मांडणाऱ्या जेम्स कोनची पीएचडी बार्टवर होती. गोऱ्या युरोपियन प्रोफेसरचा हा वारसा असा अनपेक्षित जागी जास्त टिकला.

आपल्या बाजूला मात्र त्याची सावली वेगळी पडली. डिसेंबर १९३८ ला मद्रासजवळ तांबरमला जागतिक मिशनरी परिषद भरली, तिच्यासाठी डच विद्वान क्रेमरने लिहिलेल्या पुस्तकावर बार्टची छाप होती, इतर धर्म आणि ख्रिस्त यांच्यात सरळ दुवा नाही असा सूर. चेंचय्या, चक्करै वगैरे भारतीय ख्रिस्ती विचारवंतांनी त्याच वर्षी पुस्तक काढून त्याला जोरदार उत्तर दिलं. ते साहजिकच होतं, आपल्याकडे नारायण वामन टिळक तर तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणणारे. गंमत म्हणजे 'चर्च डॉग्मॅटिक्स'च्या त्याच १९३८ साली आलेल्या खंडात बार्ट जपानमधल्या फक्त कृपेवर भर देणाऱ्या बौद्ध पंथाबद्दल बराच लिहितो, भारतातल्या भक्तिमार्गालाही ओझरता हात लावतो, साम्य मान्य करतो, आणि शेवटी म्हणतो फरक एवढाच, येशू ख्रिस्त हे नाव.

साफेनविलला कामगारांबद्दल बोलायच्या आधी तो त्यांच्यात वावरला होता. इतर धर्मांच्या बाबतीत तसं नव्हतं. श्रीलंकेचे ख्रिस्ती विचारवंत डी. टी. नाइल्स १९३५ मध्ये त्याला भेटले तेव्हा बोलता बोलता बार्ट म्हणाला की इतर धर्म म्हणजे निव्वळ अविश्वास. नाइल्सनी विचारलं, तुम्ही किती हिंदूंना भेटलात? एकालाही नाही, बार्ट म्हणाला. मग हिंदू धर्म अविश्वास आहे हे कशावरून? उत्तर आलं, आ प्रिओरी, म्हणजे अनुभवाच्या आधीच, तत्त्वतः. नाइल्सनी नुसती मान हलवली आणि हसले.