कार्डाची अडत कोण भरतं?

कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, सोनं घ्यायला गेलेल्याला हे वाक्य नवं नाही : "कार्ड चालंल की, पण दोन टक्के वर पडतील." साज पसंत पडलेला असतो, मजुरीवरून घासाघीस संपलेली असते, आणि तीन लाखांच्या बिलावर सहा हजारांचा आकडा अचानक येऊन बसतो. गिऱ्हाइकाला वाटतं दुकानदार लुबाडतोय. दुकानदार म्हणतो, बँक कापते, मी काय करू? बँक कापते हे खरंच आहे. किती कापावं, यावर मात्र गेली वीसेक वर्षं जगभर भांडण चालू आहे.

गुळाचा सौदा पाहिलेल्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. मार्केट यार्डात माल आणणारा आणि माल उचलणारा यांच्यामध्ये अडत्या असतो आणि तो आपली अडत घेतो. कार्डाच्या व्यवहारात असे तीन अडते आहेत. गिऱ्हाइकाला कार्ड देणारी बँक, दुकानात मशीन बसवणारी बँक, आणि या दोघींमध्ये हिशेबाची देवाणघेवाण करणारं व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेसारखं नेटवर्क. तिघांची मिळून दुकानदाराच्या पैशातून जी रक्कम कापली जाते, तिला एमडीआर म्हणतात. त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. तो इंटरचेंज.

आता गंमत अशी, की यार्डात अडते वाढले तर अडत उतरते, पण कार्डात तसं होईलच असं नाही. नेटवर्काचं खरं गिऱ्हाईक तुम्ही-आम्ही नव्हे, कार्ड वाटणारी बँक. जे नेटवर्क तिला जास्त इंटरचेंज मिळवून देईल, त्याची कार्डं ती वाटणार. म्हणजे नेटवर्कांची चुरस जितकी जास्त, तितका दर चढण्याकडे कल. बँक त्यातलाच थोडा भाग पॉइंट आणि कॅशबॅक म्हणून ग्राहकाला देते, त्यामुळे ग्राहकही खूश. पैसे ज्याच्या गल्ल्यातून जातात, त्याला या सौद्यात कुणी विचारत नाही.

हे ओळखून ऑस्ट्रेलियाच्या मध्यवर्ती बँकेनं २००३ मध्ये क्रेडिट कार्डाच्या इंटरचेंजला आवर घातला. अमेरिकेत २०१० च्या कायद्यातल्या डर्बिन दुरुस्तीनं मोठ्या बँकांच्या डेबिट कार्डांवर मर्यादा आणली. व्यवहारामागं सरासरी ४४ सेंट जात होते, ते २१ सेंट अधिक रकमेच्या ०.०५ टक्के इतके झाले. शिवाय प्रत्येक डेबिट कार्डावर एकमेकांशी संबंध नसलेली किमान दोन नेटवर्कं हवीत आणि व्यवहार कोणत्या वाटेनं न्यायचा हे दुकानदारानं ठरवावं, अशी अट आली. युरोपनं २०१५ मध्ये सरळ आकडे लिहून टाकले : डेबिटला ०.२ टक्के, क्रेडिटला ०.३ टक्के.

आपल्याकडं पेमेंट यंत्रणांचा कायदा २००७ चा. तो २००८ मध्ये लागू झाला आणि नेटवर्क चालवायला रिझर्व्ह बँकेची परवानगी बंधनकारक झाली. त्याच वर्षअखेरीस बँकांनी मिळून पेमेंटची यंत्रणा चालवणारी एनपीसीआय ही संस्था काढली आणि मार्च २०१२ मध्ये तिचं रुपे कार्ड आलं. सप्टेंबर २०१२ पासून डेबिट कार्डाच्या एमडीआरवर पहिली मर्यादा लागली : दोन हजारांपर्यंत ०.७५ टक्के, त्यावर एक टक्का. डेबिट कार्डावर गिऱ्हाइकाकडून जादा पैसे घेणं चूक आहे, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्ये बजावलं. गुजरीतलं वाक्य त्यानं थांबलं नाही, हे वेगळं सांगायला नको.

मग नोटबंदी. छोट्या रकमांवरचे दर तात्पुरते खाली आले. जानेवारी २०१८ पासून दुकानाच्या उलाढालीवर दर ठरू लागला. वर्षाला वीस लाखांपर्यंत उलाढाल असेल तर मशीनवर ०.४० टक्के, त्याहून मोठ्याला ०.९० टक्के, आणि एका व्यवहाराला कमाल अनुक्रमे दोनशे व हजार रुपये. म्हणजे तीन लाखांचा तोच साज डेबिट कार्डावर घेतला, तर मोठ्या सराफाकडून जास्तीत जास्त हजारच कापले जाणार. सहा हजारांचं गाणं फक्त क्रेडिट कार्डाचं. त्याच्या एमडीआरला रिझर्व्ह बँकेनं कमाल मर्यादा घातलेलीच नाही. कार्ड कोणतं आहे हे न बघता दोन टक्के मागणारा दुकानदार मात्र दोन्हीकडून एकच हिशेब लावतो.

जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट आणि यूपीआयवरचा एमडीआर शून्य झाला. चप्पल लाईनमधल्या लहान दुकानदारासाठी हा दिलासा मोठा होता. पण अडतच नाही म्हटल्यावर अडत्या का राबेल? बँकांची तक्रार नेमकी हीच. सरकारनं २०२१-२२ साठी १,३०० कोटी आणि पुढच्या वर्षासाठी २,६०० कोटींची प्रोत्साहन योजना आणली. म्हणजे अडत संपली नाही, ती करदात्याच्या खात्यावर गेली, एवढंच. दुसरीकडं यूपीआय आणि रुपे दोन्ही एनपीसीआयचीच. विदेशी नेटवर्कांची मक्तेदारी मोडायला जे उभं केलं, तेच आता किती मोठं झालंय हा प्रश्न आहे. एनपीसीआयला पर्याय म्हणून दुसरी संस्था काढायला रिझर्व्ह बँकेनं २०२० मध्ये अर्ज मागवले, पण ते पुढं सरकलं नाही.

नियमनाची धार लोकांना दिसली ती २०२१ मध्ये. भारतातल्या व्यवहारांची माहिती भारतातच ठेवायची हा २०१८ चा आदेश पाळला नाही म्हणून अमेरिकन एक्स्प्रेस, डायनर्स क्लब आणि नंतर मास्टरकार्ड यांना नवे ग्राहक घेण्यास बंदी झाली. पुढं ती टप्प्याटप्प्यानं उठली. तोवर अनेक बँकांना घाईनं दुसरं नेटवर्क शोधावं लागलं. एकाच नेटवर्काशी बांधून घेतल्याचा तोटा त्यातून कळला.

क्रेडिट कार्डांबाबतचा रिझर्व्ह बँकेचा मार्च २०२४ चा आदेश त्याच वाटेवरचा आहे. बँकेनं कोणत्याही नेटवर्काशी असा करार करू नये की दुसऱ्याची दारं बंद होतील, आणि कार्ड देताना ग्राहकाला नेटवर्क निवडू द्यावं, हे सप्टेंबर २०२४ पासून लागू झालं. दहा लाखांपर्यंत चालू कार्डं असलेल्या बँकांना सूट आहे, त्यामुळे लहान सहकारी बँकेच्या खातेदाराला बँक देईल तेच कार्ड. आणि अमेरिकेत व्यवहाराची वाट निवडायचा जो हक्क दुकानदाराला मिळाला, तो इथं कार्डधारकाच्या हाती आला आहे. अडत भरणारा गुजरीतला सराफ अजून मशीनवर येईल ते कार्ड घेतो आणि दोन टक्के वर सांगतो.