आठ इंची गोल आणि आठ इंची चौकोनी: इंच सारखे, पोट नाही

केकची कृती गोल टिनची असते, घरात टिन चौकोनी असतो. मग कुणीतरी विचारतं, "दोन्ही आठ इंचीच आहेत, चालेल ना?" आणि दहा जण सांगतात, "चालेल की, काही फरक पडत नाही." पडतो. केवढा पडतो ते दोन मिनिटांत काढता येतं, म्हणून तर हे उत्तर वाचलं की मला राहवत नाही.

गोल टिन सगळ्यांच्या हातातला. आतल्या एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत आठ इंच, बस. चौकोनी टिनचे आठ इंच म्हणजे त्याची एक बाजू. आता कागदावर आठ इंची चौकोन काढा आणि त्यात मावेल तेवढं मोठं वर्तुळ काढा. ते वर्तुळ म्हणजे तुमचा गोल टिन. बाहेर उरलेले चार कोपरे ही चौकोनी टिनमधली जास्तीची जागा. चौकोनाचा तळ ६४ चौरस इंच, गोलाचा जेमतेम ५०. इंच रुंदी सांगतात, पण मिश्रण पसरतं तळभर. हे एवढं डोक्यात बसलं की पुढचा सगळा घोळ मिटतो.

गोल टिनचं मिश्रण चौकोनीत ओतलं तर थर सुमारे एकपंचमांशाने पातळ होतो. कृतीत दिलेल्या वेळेपर्यंत थांबलात तर कोपरे वाळून कडक होतात. उलट केलंत तर जास्त पंचाईत: थर पाव पटीने जाड होतो, वरून केक छान सोनेरी दिसतो आणि कापल्यावर मधोमध कच्चा निघतो. आठ इंची चौकोनीचा खरा जोडीदार आहे नऊ इंची गोल, कारण त्याचाही तळ जवळपास ६४ भरतो. तसाच नऊ इंची चौकोनीचा जोडीदार दहा इंची गोल.

गोलाऐवजी गोल घेतानाही हीच चूक होते. "सहाऐवजी आठ, दोनच इंच तर जास्त!" सहा साही छत्तीस, आठ आठे चौसष्ट. म्हणजे मिश्रण पावणेदोन पटीहून थोडं जास्तच लागेल. आणि सहाचं दुप्पट बारा म्हणून साहित्य दुप्पट घेणाऱ्यांना कळकळीने सांगते, बारा इंचीला चौपट लागतं. दोन्ही टिन गोल असतील तर वर्तुळाच्या सूत्राचीही गरज नाही, इंचांचे वर्ग करून भागा. दोन अंड्यांची कृती सहावरून आठवर नेताना साडेतीन अंडी येतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही: चौथं अंडं फोडून फेटा आणि वजन करून निम्मं घ्या. "अंदाजे चार घाला" हा सल्ला मला मुळीच पटत नाही.

साहित्य ज्या पटीने वाढवलं त्या पटीने वेळ मात्र वाढवू नका. वेळ ठरते मुख्यतः थराच्या जाडीवर. तळ वाढला, त्या प्रमाणात मिश्रणही वाढलं, तर जाडी तीच राहते आणि फार तर काही मिनिटं जास्त लागतात. थर जाड झाला असेल तर तापमान दहा-पंधरा अंशांनी उतरवा आणि जास्त वेळ ठेवा. पातळ झाला असेल तर सुरी लवकर घालून बघायला लागा.

बाकीचं किरकोळ. काळा टिन लवकर तापतो, तिथेही तापमान थोडं कमी ठेवा. टिन अर्धा ते दोनतृतीयांश भरा, उरलेल्या मिश्रणाचे कपकेक करा. नवा टिन घेत असाल तर सरळ कडांचाच घ्या. तिरक्या कडांचा टिन वर आठ इंच भरतो आणि तळाशी कमी, त्यामुळे वरचा सगळा हिशोब लटका पडतो. मी तसे टिन वापरतच नाही.

मधे नळी असलेल्या नक्षीदार साच्याला इंच लावूच नका. तो काठोकाठ पाण्याने भरा आणि किती कप मावलं ते मोजा, मग दुसरा टिन तसाच मोजून ताडून पाहा. सुट्या तळाच्या टिनमधून पाणी गळतं, तिथे तांदूळ घ्या.