हायझेनबर्ग यांनी बॉम्ब मुद्दाम रोखला?

हिटलरला अणुबॉम्ब मिळू नये म्हणून जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वर्नर हायझेनबर्ग यांनी बॉम्बचं काम मुद्दाम रेंगाळत ठेवलं, ही कथा नाटकांतून, पुस्तकांतून वर्षानुवर्षं फिरते आहे. पुरावे वेगळं सांगतात. १९४५ मध्ये इंग्लंडमधल्या फार्म हॉल या घरात हायझेनबर्ग यांच्यासह १० जर्मन शास्त्रज्ञ स्थानबद्ध होते आणि त्यांचं बोलणं चोरून ऐकलं जात होतं. ६ ऑगस्टला हिरोशिमाची बातमी आली, तेव्हा हायझेनबर्ग यांचा आधी विश्वासच बसला नाही. बॉम्बसाठी लागणाऱ्या युरेनियमचा त्यांचा त्या रात्रीचा अंदाज टनांत होता. प्रत्यक्षात किलोंत लागतं! खरा हिशेब दडवणारा माणूस आपल्याच सहकाऱ्यांसमोर इतका कसा चुकेल? आणि १९४१ मध्ये कोपनहेगनला डॅनिश भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांच्याशी झालेली हायझेनबर्ग यांची भेट? हायझेनबर्ग यांच्या नेतृत्वाखाली जर्मनी अण्वस्त्रासाठी झटते आहे, असंच आपल्याला जाणवलं, असं बोर यांनी न पाठवलेल्या पत्रात लिहून ठेवलंय. ते २००२ मध्ये खुलं झालं.