मटण काळपट का पडतं?

मटण काळपट दिसलं की गिऱ्हाईक म्हणतं, ‘बोकड म्हातारा होता’ किंवा ‘मटण शिळं आहे’. वयाबरोबर मांस लाल होत जातं, हे खरंच. पण कोवळ्या बोकडाचं ताजं मटणही काळपट आणि चिकट निघू शकतं. खरी गोम स्नायूंतल्या ग्लायकोजेनमध्ये आहे.

ग्लायकोजेन म्हणजे स्नायूंनी साठवलेली साखर. कापल्यावर ऑक्सिजन थांबतो, तरी स्नायू ही साखर वापरत राहतात आणि तिचं लॅक्टिक आम्ल होतं. ७च्या आसपास असलेला सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा; आम्ल वाढलं की तो उतरतो) त्यामुळे साधारण ५.५ ते ५.८पर्यंत उतरतो. या सामूला प्रथिनांची पाण्यावरची पकड सैल होते, प्रकाश जास्त विखुरतो आणि मांस उजळ दिसतं. साखर आधीच संपलेली असेल तर सामू ६च्या वर अडकतो. तंतू पाणी धरून फुगतात, ऑक्सिजन आत शिरत नाही, मांस गडद राहतं. जिवाणूंनाही साखर मिळत नाही, मग ते थेट अमिनो आम्लांवर (प्रथिनांच्या घटकांवर) तुटून पडतात आणि वास लवकर सुटतो.

ही साखर संपते विक्रीच्या आदल्या दिवसात. अनोळखी बोकड एकत्र कोंडले की टकरा लागतात. शिवाय उन्हातला प्रवास, बांधलेले पाय, घसरडी फळी. सकाळी गुळाचं पाणी पाजून ही साखर भरून येत नाही. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात साखर आंबून तिची आम्लं होतात, त्यांतून यकृताला पुन्हा ग्लुकोज घडवावं लागतं. साठा भरायला दिवस लागतात.

म्हणून बोकड एकाच कप्प्यातले न्यावेत, गारव्यात, गाडीत पेंढा टाकून. खुराक आधीचे दहा-पंधरा दिवस हळूहळू वाढवावा; एकदम धान्य ओतलं तर पोटात आम्ल वाढून बोकड दगावतो. कापण्याआधी बारा तास चारा बंद, पाणी मात्र चालू. धड लगेच शीतगृहात ढकलू नये: बोकडावर चरबीचा थर पातळ, सामू ६च्या खाली येण्याआधी मांस १० अंशांखाली गेलं तर तंतू आखडून ते चामट होतं.

आता विक्रीचं: बोकडाचा सौदा डोळ्यांच्या अंदाजाने करू नका. काटा नसेल तर छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०: वजन किलोत. २८ इंच घेर, २६ इंच लांबी म्हणजे सुमारे ३१ किलो. भरल्या पोटी टेप लावू नका. व्यापारी पोटाचं वजन कापूनच भाव बोलतो.