सर्किटवर पडलेली थाप

‘आय फील लव्ह’ हे गाणं १९७७ साली आलं. म्युनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओत जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलोट यांनी ते तयार केलं होतं. गायिका डोना समरचा आवाज सोडला, तर त्यातलं जवळपास सगळं मूग मॉड्युलर सिंथेसायझरमधून, म्हणजे विजेच्या सर्किटांतून आवाज घडवणाऱ्या वाद्यातून, काढलेलं आहे. खालून धावणारी सुरावट मूगची, हाय-हॅटची, म्हणजे ड्रमसेटमधल्या झांजांच्या जोडीची, चुळचुळही मूगचीच आणि स्नेअर, म्हणजे खाली तारा लावलेला ड्रम, मूगच्याच नॉइजमधून कापून काढलेला. फक्त पायाने वाजवायचा मोठा ड्रम, म्हणजे किक, माणसाने वाजवला. कीथ फोर्सी या ड्रमरला त्यासाठी बसवावं लागलं, कारण मूगमधून निघणाऱ्या किकला हवा तेवढा जडपणा येईना.

ज्या यंत्राने अख्खं गाणं पेललं, त्याला एक ‘धम्’ जमला नाही. ॲनालॉग सिंथेसायझरवर तालवाद्यांचे आवाज काढण्याच्या प्रयत्नांचा इतिहास समजून घ्यायचा, तर सुरुवात याच अडचणीपासून करावी लागते.

तार किंवा बासरी वाजते, तेव्हा मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर निघतात. हे आकडे पूर्णांकी असतात, म्हणून कानाला एकच स्पष्ट स्वर ऐकू येतो. सिंथेसायझरमधला स्वर निर्माण करणारा भाग, म्हणजे ऑसिलेटर, अशाच पूर्णांकी उपस्वरांचा आवाज देतो, म्हणजे तो जन्मतःच तारवाद्य-सुषिरवाद्यांच्या बाजूचा. सर्व बाजूंनी सारख्या ताणलेल्या गोल कातड्याचं गणित वेगळं असतं. त्याचे उपस्वर मूळ कंपनसंख्येच्या १.५९, २.१४, २.३०, २.६५ पट अशा आडनिड्या जागी पडतात. शिवाय ड्रमचा आवाज स्थिर राहतच नाही. थाप पडल्या क्षणी सगळे उपस्वर एकदम उसळतात, आणि मग वरचे आधी विझतात, खालचे नंतर. आपण ज्याला ड्रमचा आवाज म्हणतो, तो बराचसा या विझण्याचाच आवाज असतो.

याला एक ठळक अपवाद आहे आणि तो आपल्याकडचा आहे. १९२० साली चंद्रशेखर वेंकट रामन आणि शिवकाली कुमार यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिलं, की मृदंग-तबल्यासारख्या वाद्यांच्या पुडीवर शाईचा थर असल्यामुळे त्यांचे पहिले काही उपस्वर पूर्णांकी जागांवर येऊन बसतात. म्हणून तबला स्वरात लावता येतो. ज्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या शाई घोटून घोटून ही जागा शोधली, त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो. तबल्याकडे शेवटी पुन्हा येऊच.

ताल वाजवणारी यंत्रं सिंथेसायझरच्या आधीपासून होती. लिओन थेरेमिन यांनी संगीतकार हेन्री कावेल यांच्यासाठी १९३१ साली रिद्‌मिकॉन बनवलं. १९५९ साली अमेरिकेतल्या वुर्लित्झर कंपनीचा ‘साइडमन’ आला. त्याच्या लाकडी पेटीत एक फिरती चकती होती, ती विद्युत-संपर्कांना घासत जाई आणि निर्वात नळ्यांच्या सर्किटमधून ठोके निघत. हा साइडमन टोकिओतल्या एका नाइटक्लबमध्ये पोहोचला. तिथे त्याच्या साथीने तादाशी ओसानाई ॲकॉर्डियन वाजवत. त्यांना यंत्राचं काम पसंत पडेना. यापेक्षा चांगलं आपण करू, असं त्यांनी क्लबचे मालक त्सुतोमु कातो यांना पटवलं आणि त्यातून १९६३ साली ‘डोंकामॅटिक’ जन्मलं. कातोंची ही कंपनी पुढे कॉर्ग म्हणून जगाला माहीत झाली. जपानी स्टुडिओंमध्ये ध्वनिमुद्रणाच्या वेळी कानात वाजणाऱ्या ठेक्याला अजूनही ‘डोंकामा’ म्हणतात.

त्याच सुमारास ओसाकाजवळ इकुतारो काकेहाशी हे घड्याळं आणि रेडिओ दुरुस्त करता करता वाद्यांकडे वळले होते. त्यांच्या एस टोन कंपनीचं ‘रिदम एस’ १९६७ साली आलं. ट्रान्झिस्टरवर चालणारं हे यंत्र घरगुती ऑर्गनशेजारी ठेवायचं, रुंबा किंवा वॉल्ट्झचं बटण दाबायचं आणि वाजवायला बसायचं. काकेहाशींनी १९७२ साली रोलँड कंपनी काढली.

अमेरिकेत तोवर सिंथेसायझर रूढ झाला होता. त्यावर तालवाद्य काढायची रीत मी ‘दाराची रीत’ म्हणून ओळखतो. ऑसिलेटर आणि नॉइज जनरेटर आत अखंड वाजतच असतात. कळ दाबली की एन्व्हलप, म्हणजे आवाजाचा चढ-उतार ठरवणारा भाग, दार उघडतो आणि ठरलेल्या वेळात लावून घेतो. या रीतीने स्नेअर आणि हाय-हॅट छान निघतात, कारण त्यांच्या आवाजात खरखरीचा, म्हणजे नॉइजचा, वाटा मोठा असतो आणि नॉइजला स्वर नसतो. आडनिड्या उपस्वरांचा प्रश्नच उरत नाही. म्युनिकमध्ये हेच झालं. किकसाठी मात्र खोल, गोल आणि आपल्याच वजनाने विझत जाणारा आवाज लागतो. अखंड सुरावर दार लावून तो मिळवायचा, तर पुष्कळ खटपट करावी लागते.

कॅलिफोर्नियात डॉन बुक्ला यांना या दाराची एक सुंदर तोड सापडली. त्यांच्या ‘लो पास गेट’मध्ये एका बंद काळ्या डबीत एक लहानसा दिवा आणि प्रकाश पडला की ज्याचा विद्युतरोध कमी होतो असा घटक समोरासमोर बसवलेले असत. दिवा विझला, तरी समोरचा घटक लगेच भानावर येत नाही, हळूहळू पूर्वस्थितीला जातो. तेवढ्या वेळात आवाजाची पातळी आणि त्याची धार दोन्ही एकत्र उतरत जातात. तीक्ष्ण उपस्वर आधी विझतात, अगदी खऱ्या कातड्यासारखे. त्यामुळे बुक्लाच्या यंत्रावर साधा सूरही बोंगोसारखा ऐकू येतो. एका संथ घटकाच्या आळसातून आलेला हा गुण आहे, आणि तो ऐकताना मला अजून नवल वाटतं.

दुसरी रीत मात्र मुळातच वेगळी आहे. तिच्यात दार नसतं, कारण दाराआड काही वाजतच नसतं. सर्किट शांत असतं. त्याला विजेचा एक धक्का द्यायचा, सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा, आणि बाजूला व्हायचं. ते स्वतःच्या कंपनसंख्येने झंकारतं आणि आपोआप विझतं. म्हणजे सर्किटवर थाप मारायची. अशी झंकारणारी सर्किटं साठच्या दशकातल्या ताल-पेट्यांमध्येही होती. पण ही रीत कळसाला गेली ती १९८० साली आलेल्या रोलँडच्या टीआर-८०८ या ताल-यंत्रामध्ये.

८०८ च्या बास ड्रमचं हृदय म्हणजे ‘ब्रिज्ड-टी’ नावाची जोडणी. दोन रेझिस्टर, दोन कपॅसिटर आणि त्यांना धरून ठेवणारा एक अँप्लिफायर. मी हे पहिल्यांदा जोडलं, ते मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणलेल्या मोजक्या भागांतून. बॅटरीची तार क्षणभर टेकवली आणि स्पीकरमधून ‘डुम्’ आलं. सूर नीट नव्हता, लांबीही नव्हती, पण तो कोणीतरी मारलेल्या वस्तूचा आवाज होता. एखाद्या ऑसिलेटरने मला असं कधीच चमकवलं नव्हतं.

रोलँडच्या अभियंत्यांनी या साध्या गाभ्यावर फार बारीक काम केलं. थाप पडल्यावर पहिले काही मिलिसेकंद सर्किटची कंपनसंख्या मुद्दाम वर ढकलली जाते आणि मग ती पन्नास हर्ट्‌झच्या आसपास उतरते. त्यामुळे सुरुवातीला टोला जाणवतो आणि मागाहून घुमारा येतो. विझण्याचा काळ ठरवणारी खुंटीसुद्धा दार लावत नाही. सर्किटमधून बाहेर पडलेल्या आवाजाचा थोडा भाग पुन्हा आत सोडला जातो, झोक्याला प्रत्येक फेरीला हलका हात लावावा तसा. जितका हात जास्त, तितका आवाज लांबतो.

स्नेअरमध्ये अशी दोन सर्किटं कातड्याच्या दोन वेगळ्या कंपनांसाठी ठेवली आहेत आणि खालच्या तारांच्या खरखरीसाठी वर नॉइजचा थर आहे. टाळ्यांचा आवाज तर निरीक्षणाचा नमुनाच. दहा माणसं एकाच क्षणी टाळी वाजवत नाहीत, थोडी पुढेमागे होतात. म्हणून नॉइजचे एकापाठोपाठ एक चटकन काही तुकडे पाडले आहेत आणि त्यांच्यामागे खोलीच्या प्रतिध्वनीसारखी एक शेपटी सोडली आहे.

धातूचा आवाज सर्वांत अवघड. झांज वाजली की तिच्यातून इतके उपस्वर निघतात, की दोनचार झंकारणाऱ्या सर्किटांनी त्यांची भरपाई होत नाही. इथे थापेची रीत सोडावी लागली. एकमेकांशी मुद्दाम बेसूर लावलेले सहा ऑसिलेटर अखंड चालू ठेवले, त्यांच्या मिश्रणातला खालचा भाग गाळून टाकला आणि उरलेला चरचराट दारातून बाहेर सोडला. काउबेल, म्हणजे गुरांच्या गळ्यातल्या घंटेसारखा आवाज, हा त्याच सहांपैकी ५४० आणि ८०० हर्ट्‌झच्या आसपासचे दोन. ही झांज खऱ्या झांजेच्या जवळपासही जात नाही, असं मी ऐकतो आणि मान्यही करतो. तरी इतक्या थोड्या भागांत धातूचा भास होणं, हेच मला मोठं वाटतं.

काकेहाशींनी पुढे मुलाखतीत सांगितलं होतं, की ८०८ च्या नॉइजसाठी सदोष म्हणून बाजूला काढलेले ट्रान्झिस्टर वापरले होते. अर्धवाहक बनवण्याचं तंत्र सुधारत गेलं, तसा सदोष माल मिळेना आणि १९८३ साली उत्पादन थांबलं. तोवर सुमारे बारा हजार यंत्रं बनली होती. दरम्यान रॉजर लिन यांच्या एलएम-१ या ताल-यंत्रामध्ये खऱ्या ड्रमचे डिजिटल नमुने आले होते. त्याची किंमत पाच हजार डॉलरच्या घरात, तर ८०८ ची १,१९५ डॉलर. खऱ्यासारखा आवाज हवा असलेल्यांनी अर्थातच ८०८ ला नावं ठेवली. पण १९८२ साली ‘प्लॅनेट रॉक’ आणि मार्व्हिन गे यांचं ‘सेक्शुअल हीलिंग’ ही गाणी आली, आणि हा आवाज लाखोंच्या कानांत बसला.

त्याच १९८२ मध्ये मुंबईत चरणजित सिंग यांनी एक ध्वनिमुद्रिका केली. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार वाजवणारे हे कलाकार. त्यांनी ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही रोलँडची तीन यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. तेव्हा तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. २०१० साली ती नव्याने निघाली, आणि शिकागोतलं ॲसिड हाऊस संगीत सुरू होण्याआधी मुंबईत असं काही घडलं होतं, हे जगभरच्या श्रोत्यांना कळलं. चरणजित सिंग २०१५ साली गेले. आपल्या शहरातला हा माणूस आपल्याला इतका उशिरा कळावा, याची खंत वाटते.

त्या ध्वनिमुद्रिकेत राग आहेत, पण ताल ८०८ चा. ८०८ मध्ये कोंगा आहे, क्लेव्हज आहेत, तबला नाही. खरं तर रामन यांचं निरीक्षण लक्षात घेतलं, तर दायां या सर्किटांना परका वाटायचं कारण नाही. त्याचे उपस्वर पूर्णांकी, म्हणजे पट ठरवून लावलेली तीन-चार ब्रिज्ड-टी सर्किटं एकाच धक्क्याने झंकारली, की ‘तिं’ बऱ्यापैकी उभा राहतो. किनारीवरच्या ‘ना’साठी मूळ कंपन दाबून वरची पुढे आणावी लागतात. तेही जमण्यासारखं आहे.

अडतं ते डग्ग्यापाशी. ‘गे’ वाजवताना बोटांची थाप पडून गेलेली असते, आवाज विझू लागलेला असतो, आणि त्या विझत्या आवाजात मनगट पुडीवर दाब देत स्वर वर चढवतं. ८०८ च्या किकमध्ये कंपनसंख्या हलते, पण थापेच्या क्षणी, आणि ती वरून खाली येते. डग्ग्याला नेमकं उलटं हवं. थापेनंतर, सर्किट झंकारत असताना, त्यातल्या एका रेझिस्टरचं मूल्य सावकाश बदलत न्यायचं, आणि किती व केव्हा हे प्रत्येक बोलाला वेगळं. माझ्या ब्रेडबोर्डवर, म्हणजे सर्किट जोडून पाहायच्या पाटीवर, सध्या त्या जागी एक दाबपट्टी जोडलेली आहे. तिच्यावर मनगट ठेवून मी ‘धा’ आणि ‘धिं’ वाजवून पाहतो आहे.