पस्तीस वेळा पुसलं म्हणजे गेलं?

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत्यानं जुना लॅपटॉप विकायला काढला. भाच्यानं तो रात्रभर चालू ठेवला. "मामा, डिस्कवरच्या माहितीवर ३५ वेळा दुसरं काहीतरी लिहून ती पुसतोय. ब्रह्मदेवालाही काही सापडायचं नाही."

हा ३५ चा आकडा संगणकशास्त्रज्ञ पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या निबंधातला, तेव्हाच्या तऱ्हेतऱ्हेच्या हार्ड डिस्कसाठी. सगळ्या फेऱ्या एकाच डिस्कला लागत नाहीत, हे पुढे त्यांनीच सांगितलं. आजच्या फिरत्या तबकडीच्या डिस्कवर सगळीकडे एकदा शून्यं लिहिली की बास.

मामांच्या लॅपटॉपात मात्र एसएसडी होती, म्हणजे तबकडीऐवजी चिपांत माहिती ठेवणारी डिस्क. (भाच्यानं ते बघितलंच नव्हतं.) चिपचे कप्पे सारखे झिजावेत म्हणून तिचा कंट्रोलर, म्हणजे कुठे काय लिहायचं ते ठरवणारी आतली चिप, जुन्या जागेवर लिहीतच नाही, नवा मजकूर दुसऱ्या कप्प्यात टाकतो आणि अनुक्रमणिकेतला पान नंबर तेवढा बदलतो. जुनी खतावणी एखाद्या राखीव कप्प्यात तशीच राहू शकते. वर ३५ फेऱ्यांनी एसएसडी झिजते ती वेगळीच.

तिला हवी सगळे कप्पे आतूनच पुसायला लावणारी 'सिक्युअर इरेज'ची आज्ञा, ती कंपनीच्या टूलमधून किंवा काही लॅपटॉपांत बायोसमधूनच (लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगमधून) देता येते. पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात माहिती ठेवणं) चालू असेल, तर किल्ली आणि तिच्या प्रती नष्ट केल्या तरी भागतं.

मामांनी एसएसडी काढून तिजोरीत टाकली आणि लॅपटॉप तसाच विकला.